धारेची साक्ष आणि देवासची वहिवाट

राजा भोजाची आणि माझी पहिली खरी गाठ पडली ती गोष्टीच्या पुस्तकात नव्हे, तर हिंदू कायद्याच्या अभ्यासात. विज्ञानेश्वराची मिताक्षरा वाचीत असता, निपुत्रिक पुरुषाच्या पश्चात् त्याच्या विधवेस दाय मिळावा की नाही, या वादात धारेश्वर नावाच्या एका पूर्वाचार्याचे मत खोडून काढलेले आढळले. विधवेने नियोगास संमती दिली तरच तिला पतीचे धन मिळावे, असे या धारेश्वराचे म्हणणे. विज्ञानेश्वराने ते अमान्य केले आणि विभक्त होऊन पुत्रावाचून निवर्तलेल्या पतीची पहिली वारस त्याची पत्नीच, असा निर्वाळा दिला. हा धारेश्वर म्हणजे धारानगरीचा भोजराजा, हे जेव्हा गुरुजींनी सांगितले तेव्हा क्षणभर विस्मय वाटला. ज्याच्या पांडित्याच्या आणि औदार्याच्या कथा बालपणी ऐकल्या, तो राजा एका वादात हरलेला पक्षकार म्हणून भेटावा! पण त्या दिवसापासून भोज मला अधिक खरा वाटू लागला. दंतकथेतील राजा कधी चुकत नाही. इतिहासातील राजा चुकतो, आणि म्हणूनच तो आपला वाटतो.

कोंकणच्या वाचकांस तर भोजाविषयी आणखी एका कारणाने कुतूहल वाटावे. बांसवाडा आणि बेटमा येथे सापडलेले त्याचे दोन ताम्रपट विक्रम संवत् १०७६ मधील, म्हणजे इ. स. १०२० च्या सुमाराचे आहेत. त्यांतील दाने कोंकणविजयाच्या पर्वानिमित्त दिल्याचे त्यांतच नमूद आहे. त्या काळी उत्तर कोंकणात शिलाहारांचे राज्य होते. तेथे भोजाची सत्ता फार काळ टिकली असे दिसत नाही. परंतु आपल्या किनाऱ्यावरचा जय त्याला इतका मोलाचा वाटला की, माळव्यातील ब्राह्मणांस त्याच्या नावाने भूमिदान करावे. बेटमा हे गाव इंदूरहून धारेस जाणाऱ्या वाटेवरच लागते. काही वर्षांपूर्वी हिवाळ्यात त्या वाटेने जाताना तेथे क्षणभर थांबलो. पाहण्यासारखे काही विशेष नव्हते. पण हजार वर्षांपूर्वी कोंकणचे नाव ज्या तांब्यावर कोरले गेले, ते तांबे याच मातीतून निघाले, एवढा विचारही पुरेसा होता.

आमच्या धर्मशास्त्रात पुराव्याचे तीन मानुष प्रकार सांगितले आहेत. लिखित, भुक्ती आणि साक्षी. लिखित म्हणजे दस्तऐवज, भुक्ती म्हणजे वहिवाट, आणि साक्षी म्हणजे ज्याने पाहिले वा ऐकले त्याचे सांगणे. याज्ञवल्क्याने घालून दिलेली ही विभागणी आजच्या न्यायालयातही नाव बदलून वावरते. धार आणि देवास ही माळव्यातील दोन मराठी संस्थाने पाहून परतल्यावर माझी अशी समजूत झाली की, प्राचीन अवशेषांविषयी आपल्या मनात जो गोंधळ असतो, तो बहुधा या तीन पुराव्यांची सरमिसळ केल्याने होतो. आख्यायिकेला आपण लेख समजतो, लेखाकडून श्रद्धेचे काम करवून घेऊ पाहतो, आणि श्रद्धेला लेखाचा आधार नसेल तर मनातून लज्जित होतो.

प्रथम साक्षीची गोष्ट. धार शहरात लाट मशीद नावाची वास्तू आहे. माळव्याचा सुभेदार व पुढे स्वतंत्र झालेला दिलावरखान याने ती १४०५ साली बांधली. तिच्या आवारात एका ओट्यावर लोखंडाच्या प्रचंड स्तंभाचे तीन तुकडे आडवे ठेवले आहेत. पहिला सुमारे सव्वाचोवीस फूट, दुसरा साडेअकरा आणि तिसरा साडेसात. तिन्ही मिळून लांबी त्रेचाळीस फुटांवर जाते, आणि वजन सात टनांच्या आसपास भरते. दिल्लीच्या कुतुबमिनाराजवळील सुप्रसिद्ध लोहस्तंभ चोवीस फुटांच्या आतच आहे, हे ध्यानी घेतले म्हणजे धारेच्या लोहारांचे सामर्थ्य कळते. तापविलेल्या लोखंडाचे गोळे घणाखाली एकावर एक जोडीत जाऊन हे काम केलेले आहे. एवढा स्तंभ ओतण्याची भट्टी त्या काळी हिंदुस्थानात नव्हती.

लोक या स्तंभाला तेलिणीची लाट म्हणतात. गांगली नावाची एक राक्षसी बांध्याची तेलीण होती आणि ही लाट तिच्या तराजूची दांडी होती, अशी कथा आहे. ‘कहाँ राजा भोज, कहाँ गंगू तेली’ ही हिंदी म्हण तर सर्वांच्या तोंडी आहे. काही पंडितांनी या म्हणीचा उलगडा करताना गंगू म्हणजे चेदीचा गांगेयदेव कलचुरी आणि तेली म्हणजे चालुक्य तैलप, असे सुचविले. दोघांवर भोजाने मिळविलेल्या विजयाचे हा स्तंभ स्मारक, असा त्याचा अर्थ. हा उलगडा ऐकायला गोड आहे. पण साक्षीदाराची उलटतपासणी घेतली की तो डगमगतो. भोजाचा चुलता मुंज याला ठार करणारा तैलप इ. स. ९९७ मध्ये वारला, आणि भोज गादीवर बसला तो १०१० च्या सुमारास. भोजाचे वैर होते ते तैलपाच्या वंशजांशी. स्वतः स्तंभावर उभारणाऱ्याचा लेखच नाही. तो अकराव्या शतकातला असावा आणि भोजाच्या काळाशी त्याचा संबंध असावा, हा अनुमानाचा भाग.

त्याच स्तंभाविषयी दुसरी एक साक्ष मात्र अधिक वजनाची आहे. बादशहा जहांगीर १६१७ साली धारेस आला होता. आपल्या आत्मवृत्तात तो लिहितो की, गुजरातचा सुलतान बहादूरशहा हा स्तंभ आपल्या मुलखात नेऊ पाहत होता, आणि उतरविताना तो पडून मोडला. मोठा तुकडा आग्र्यास नेऊन बापाच्या कबरीपाशी दिव्यासाठी उभा करावा, अशी आज्ञा आपण दिली, असेही तो सांगतो. त्या आज्ञेचे पुढे काय झाले ते तुकडाच सांगतो. तो अद्याप धारेतच आहे. ज्यांनी ज्यांनी त्याला आपला म्हटले ते सारे गेले, आणि लोखंड तेथेच राहिले.

आता लिखिताकडे वळू. धारेतील दुसरी प्राचीन वास्तू म्हणजे भोजशाळा, किंवा कमाल मौला मशीद. तिची दोन्ही नावे येथे एकत्र दिली आहेत, कारण दोन्ही नावे उच्चारणारी माणसे त्या शहरात पिढ्यान् पिढ्या नांदत आली आहेत. जुन्या देवालयांचे कोरीव खांब वापरून ती रचलेली आहे, हे कोणाही पाहणाऱ्यास दिसते. १९०३ साली धार संस्थानचे शिक्षणाधिकारी काशीनाथ कृष्ण लेले यांना तेथे काळ्या दगडाची एक भली मोठी शिळा आढळली. तिच्यावर ब्याऐंशी ओळींत एका संस्कृत नाटिकेचे दोन अंक कोरलेले निघाले. नाटिकेचे नाव ‘पारिजातमंजरी’. तिचा कर्ता मदन हा परमार राजा अर्जुनवर्मा याचा गुरू. म्हणजे ती तेराव्या शतकाच्या आरंभीची, भोजानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी झालेली. उरलेले दोन अंक दुसऱ्या शिळेवर असले पाहिजेत. ती शिळा मिळालेली नाही. त्याच वास्तूत भोजाच्या नावावर असलेले कूर्मस्तुतीचे प्राकृत काव्य शिळेवर निघाले, आणि वर्णमाला व क्रियापदांचे प्रत्यय सर्पाच्या वेटोळ्यात बसविलेले सर्पबंधही खांबांवर आढळले.

एका मराठी शिक्षकाने आपल्या नोकरीच्या गावी दगडावरची अक्षरे ओळखावी, त्यांचे ठसे घ्यावे, ते हुल्ट्श यांच्यासारख्या युरोपीय पंडितांकडे पाठवावे आणि शतकानुशतके मुकी राहिलेली नाटिका पुन्हा जगापुढे यावी, ही घटना मला मोठ्या लढाईइतकीच महत्त्वाची वाटते. नाटिकेच्या प्रस्तावनेत तिचा प्रयोग वसंतोत्सवात शारदादेवीच्या मंदिरात व्हावयाचा आहे, असे सूत्रधार सांगतो. तेव्हा धारानगरीत शारदेचे मंदिर होते, याला समकालीन लेखी पुरावा मिळाला. पण वकिलाला येथेच थांबावे लागते. नगरात मंदिर होते, हे शिळा सांगते. ते मंदिर नेमके याच जागी होते, हे ती सांगत नाही. कारण दगड हा स्थावर दिसला तरी जंगम असतो. कोठून तरी उचललेला खांब दुसऱ्या इमारतीत बसतो, आणि त्याच्यावरचा लेख त्याच्याबरोबर प्रवास करतो.

ही वास्तू आधुनिक काळात वादाचा विषय झाली. २००३ साली पुरातत्त्व खात्याने मंगळवारी व वसंतपंचमीस हिंदूंनी पूजा करावी आणि शुक्रवारी मुसलमानांनी नमाज पढावी, अशी व्यवस्था लावली. २०२४ च्या मार्चमध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर पीठाने शास्त्रीय पाहणीचा आदेश दिला आणि त्याच वर्षीच्या जुलैत खात्याने आपला अहवाल सादर केला. या वादात कोणाची बाजू मांडणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. ते काम न्यायासनाचे. मला एवढेच म्हणावयाचे आहे की, न्यायासनापुढे काहीही ठरो, आपल्या मनाच्या न्यायालयात तरी आपण खोटा पुरावा दाखल करू नये.

आणि तसा पुरावा दाखल करण्याचा मोह किती सूक्ष्म असतो, याचे उदाहरण लंडनमध्ये उभे आहे. ब्रिटिश म्युझियममध्ये चार फुटांहून किंचित उंच, शुभ्र संगमरवराची एक अतिशय सुंदर देवीमूर्ती आहे. १८७५ साली ती धारच्या जुन्या राजवाड्याच्या अवशेषांत सापडली, आणि १९०९ पासून ती त्या संग्रहालयाच्या नोंदीत आहे. १९२४ साली गांगुली आणि दीक्षित या विद्वानांनी ‘रूपम्’ या नियतकालिकात तिचा लेख प्रसिद्ध केला. त्यात भोजाचे नाव आहे, वाग्देवी हा शब्द आहे, आणि संवत् १०९१, म्हणजे इ. स. १०३४ हे वर्ष आहे. मग काय हवे? हीच भोजाच्या सरस्वतीसदनाची वाग्देवी, असे सर्वत्र झाले. तिची छायाचित्रे घरोघर लागली. माझ्याही टेबलावर विद्यार्थिदशेत तिचे एक चित्र होते आणि परीक्षेला निघताना मी त्याला नमस्कार करीत असे.

परंतु लेख संपूर्ण वाचला पाहिजे. हरिवल्लभ भायाणी यांनी १९८१ साली आणि पुढे इतर अभ्यासकांनी तो नीट लावला, तेव्हा अर्थ निराळा निघाला. वररुची नावाच्या भोजाच्या अधिकाऱ्याने आधी वाग्देवी घडविली, मग तीन जिनमूर्ती घडविल्या, आणि त्यानंतर ही अंबेची मूर्ती करविली, असे तो लेख सांगतो. घडविणारा सूत्रधार सहिर याचा पुत्र मणथल, आणि लेख लिहिणारा शिवदेव. म्हणजे लंडनची देवी ही अंबा, जैन परंपरेतील अंबिका. तिच्या पायाशी सिंह आहे, हे लक्षणही अंबिकेचेच.

हे प्रथम वाचले तेव्हा, खरे सांगावयाचे तर, मनाला बरे वाटले नाही. ज्या चित्राला नमस्कार केला ते चित्रच कोणी हिरावून घेतल्यासारखे झाले. काही दिवस मी तो अर्थ टाळण्याच्या वाटाही शोधल्या, जशा प्रतिकूल कागद हाती आल्यावर पक्षकार शोधतो. परंतु पुन्हा पुन्हा वाचता ध्यानी आले की, या लेखाने माझ्यापासून काही हिरावलेले नाही. उलट, जेथे मी एक देवी मानीत होतो तेथे त्याने दोन दिल्या आहेत. वररुचीने वाग्देवी घडविली होती, याचा हा लेख प्रत्यक्ष पुरावा आहे. ती अद्याप सापडलेली नाही, एवढेच. अंबेला वाग्देवी म्हणत राहिलो तर त्या दुसऱ्या, हरवलेल्या मूर्तीला आपण कायमचे विसरू, आणि ज्या राजाच्या अधिकाऱ्याने सरस्वती व जिन यांच्या मूर्ती एकाच श्रद्धेने घडविल्या, त्या काळचे उदार मनही आपल्याला दिसणार नाही.

यात व्यवहाराचाही भाग आहे. परदेशी गेलेल्या मूर्ती परत याव्यात, असे आपणा सर्वांस वाटते, आणि ते योग्यच आहे. अथेन्सच्या पार्थेनॉनवरील शिल्पे १८१६ पासून त्याच ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, आणि ग्रीकांनी ती मागण्याचे सोडलेले नाही. तंजावर भागातील पत्तूरच्या नटराजाचे प्रकरण तर प्रत्येक वकिलाने वाचावे असे आहे. जमिनीखालून निघालेली ती कांस्यमूर्ती लंडनमध्ये पोहोचली होती. दावा चालला तेव्हा त्या उद्ध्वस्त देवालयाला स्वतः वादी होण्याचा अधिकार आहे, हे इंग्रज न्यायालयाने मान्य केले आणि १९९१ साली नटराज स्वदेशी परतला. पण तो परतला तो ओळख पटली म्हणून. ही मूर्ती त्याच देवालयाची, हे तज्ज्ञांच्या साक्षीने सिद्ध करावे लागले. धारेची देवी मागावयास उद्या आपण गेलो, तर कोणत्या नावाने मागणार? वादीचे नावच चुकलेला अर्ज घेऊन कोणी कचेरीत जात नाही.

धारेहून इंदूरमार्गे पूर्वेकडे गेले की देवास लागते. धार हे लेखांचे गाव, तर देवास हे वहिवाटीचे. १७२८ च्या नोव्हेंबरात अमझेऱ्याच्या लढाईत चिमाजी अप्पाने माळव्याचा मोगल सुभेदार गिरधर बहादूर याचा मोड केला आणि माळवा मराठ्यांस मोकळा झाला. त्या धामधुमीत पवार घराण्याच्या एका शाखेकडे धार आले आणि तुकोजी व जिवाजी या दोघा पवार बंधूंकडे देवास. पवार स्वतःस परमारांचे वंशज म्हणवीत. काही शतकांनी आपण पूर्वजांच्याच नगरीत परत आलो, ही भावना धारच्या दरबाराने मोठ्या अभिमानाने जपली, आणि लेले यांच्यासारख्यांच्या संशोधनाला तिथे आश्रय मिळाला त्यामागे तीही होती. संशोधनाला आश्रय देणारा पक्ष हितसंबंधी असला तर पुरावा अधिक बारकाईने तपासावा, एवढे भान ठेवले म्हणजे झाले. दगडावरची अक्षरे दरबाराने कोरविलेली नव्हती.

देवासच्या दोघा भावांची वाटणी मात्र हिंदुस्थानच्या इतिहासात विलक्षण होय. थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थाने झाली, आणि राजधानी दोहोंची एकच राहिली. हमरस्त्याच्या एका बाजूस एकाचा अंमल तर दुसऱ्या बाजूस दुसऱ्याचा; पाण्याची व दिवाबत्तीची व्यवस्था निरनिराळी. थोरल्या पातीच्या तुकोजीराव महाराजांकडे १९२१ साली खासगी चिटणीस म्हणून राहिलेला इंग्रज कादंबरीकार फॉर्स्टर या कारभाराने चकित झाला होता, आणि त्याने पुढे १९५३ साली देवासच्या आठवणींचे जे पुस्तक प्रसिद्ध केले त्याला नाव दिले ते तेथील देवीच्या टेकडीचे.

ही टेकडी शहराच्या डोक्यावर सुमारे तीनशे फूट उभी आहे. तिच्यावर तुळजाभवानी आणि चामुंडा अशा दोन देवी आहेत. लोक त्यांना बडी माता आणि छोटी माता म्हणतात व बहिणी मानतात. चामुंडेची मूर्ती खडकातच कोरलेली आहे. तुळजाभवानी म्हटले की मराठी माणसाला आपली कुलस्वामिनीच आठवते. पायऱ्या चढताना माझ्या पुढे एक वृद्ध माळवी बाई होती. दर चार पायऱ्यांवर थांबून ती श्वास घेई आणि पुन्हा चढे. या मूर्ती कोणत्या शतकातल्या, कोणी घडविल्या, असे तिला विचारावे अशी जिज्ञासा मनात आली आणि तेथेच विरली. तिच्या पायांना ती वाट ठाऊक होती. तिच्या आईच्या पायांनाही असेल. ही भुक्ती. हिला ताम्रपट लागत नाही. दोन राजांनी शहर वाटून घेतले, रस्ता वाटून घेतला. १९४८ साली दोन्ही राज्ये मध्य भारतात विलीन झाली आणि त्या सीमारेषांना अर्थ उरला नाही. टेकडीवरची वर्दळ मात्र तशीच चालू राहिली.

आपल्या गोमंतकीय वाचकांस हे वेगळे सांगावयास नको. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अंमलात देवळे पाडली जाऊ लागली, तेव्हा कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास आला आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली. जागा सुटल्या, जुन्या वास्तू गेल्या. पण महाजन आणि कुळावी देवाबरोबर चालत गेले, म्हणून देवही राहिले आणि त्यांची नावेही राहिली. मंगेश आज प्रियोळात असला तरी तो कुठ्ठाळीचा, हे त्याचे कुळावी विसरलेले नाहीत, आणि ते मान्य केल्याने त्याच्या देवपणात काही उणे आले नाही. धारेच्या अंबेबरोबर मात्र कोणी चालत गेले नाही. तिचे भक्त कोठे पांगले ते कळत नाही. तिच्याजवळ उरला तो केवळ पायाखालचा लेख. म्हणूनच तो लेख खरा वाचणे हीच आज तिची पूजा होय.

देवासच्या टेकडीवर ज्याला जे मिळते त्यासाठी पुराव्याची गरज नाही, आणि धारेच्या शिळेवर जे लिहिले आहे ते कोणाच्या श्रद्धेने बदलत नाही. दोन्ही गावे एका दिवसात पाहता येतात. वाचकांपैकी कोणी तिकडे गेले तर दोन्ही पाहावीत, आणि शक्य तर आधी धार व मग देवास. परत आल्यावर माझ्या टेबलावरच्या जुन्या चित्राखाली मी ‘अंबा, संवत् १०९१’ असे स्वच्छ अक्षरांत लिहिले. चित्र तेथेच आहे, आणि कोर्टात निघताना नमस्कारही पूर्वीप्रमाणेच घडतो.